कोऱ्या पट्टीतला खून

माझे मामा परंड्यात हयातभर चित्रकला शिकवून निवृत्त झाले. मी पुण्यात सिनेमांचं संकलन करते, म्हणजे कुठलं दृश्य कुठे तोडायचं आणि कशाला जोडायचं हे ठरवण्याचं काम. आमचा वाद झाला तो 'रोड टू पर्डिशन' या सिनेमावरून. सिनेमा २००२ सालचा, सॅम मेंडिसने दिग्दर्शित केलेला. तो ज्या कॉमिकवर बेतला ते १९९८ साली निघालं होतं. लेखक मॅक्स ॲलन कॉलिन्स, चित्रकार रिचर्ड पियर्स रेनर. काळ्या-पांढऱ्या चित्रांची सुमारे तीनशे पानं. मी मामांना आधी पुस्तक दिलं आणि मग लॅपटॉपवर सिनेमा दाखवला.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात. १९३१चा हिवाळा, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातलं रॉक आयलंड हे गाव. मायकेल सुलिव्हन हा जॉन रूनी नावाच्या आयरिश टोळीप्रमुखाचा हस्तक. रूनीने त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं आहे. सुलिव्हनचा थोरला मुलगा एका रात्री बापाच्या गाडीत लपून जातो आणि बाप काय काम करतो ते बघतो. साक्षीदार उरू नये म्हणून रूनीचा सख्खा मुलगा कॉनर सुलिव्हनच्या घरात शिरतो आणि त्याच्या बायकोला व धाकट्या मुलाला मारतो. थोरला वाचतो. तिथून बाप-लेक पळत राहतात. बापाला सूड हवा असतो, आणि मुलगा आपल्यासारखा होऊ नये हेही हवं असतं.

मामांनी पुस्तक दोन बैठकींत संपवलं. सिनेमा मात्र मध्ये थांबवून थांबवून बघितला.

मामा : चित्रं काढणाऱ्याचा हात जबरदस्त आहे. जुने फोटो समोर ठेवून एकेक वीट, एकेक टोपी काढलीय त्यानं. सिनेमाही डोळ्याला गोड लागला. पण पोरी, मला तेच खटकलं. खून डोळ्याला गोड का लागावा?

मी : गोड लागला की जड लागला?

मामा : दोन्ही. म्हणून तर जास्त खटकलं. आता असं बघ. आपल्या परंड्याच्या किल्ल्यातली मुलूखमैदान तोफ १६३२ साली विजापूरला नेली. अजून तिथल्या बुरुजावर आहे. पंचावन्न टनांची. तोंडाशी जबडा कोरलाय आणि जबड्यात हत्ती चिरडला जातोय. १५४९ साली अहमदनगरात ती ओतली. ओतणारा रूमी कारागीर होता, त्याचं नाव तिच्यावर आहे. मी पोरांची सहल घेऊन जायचो तेव्हा पोरं तिच्यापुढं फोटो काढायची. मीही त्यांना ते ओतकाम दाखवायचो, काय रेषा आहे बघा म्हणायचो. कारागिराचं नाव राहिलं, मालकाचं राहिलं. तिच्या तोंडासमोर जी माणसं उभी होती, त्यांचं? तुझ्या या सिनेमानं तेच केलंय. बंदुकीच्या तोंडावर नक्षी काढलीय.

मला याचं उत्तर लगेच सुचलं नाही. कारण आक्षेप खरा आहे. या सिनेमाला ऑस्करची सहा नामांकनं मिळाली आणि पारितोषिक एकच मिळालं, छायाचित्रणाचं. छायाचित्रकार कॉनराड हॉल जानेवारी २००३ मध्ये वारला, आणि मार्चमध्ये त्याचं पारितोषिक त्याच्या मुलाने स्वीकारलं. हॉलने एडवर्ड हॉपर या चित्रकाराचा उजेड डोळ्यांसमोर ठेवला होता : रिकाम्या खोल्या, एका बाजूने येणारा प्रकाश, एकटी माणसं. मामांनी हॉपरची चित्रं वर्गात दाखवलेली आहेत, त्यामुळे त्यांनी ते आपणहून ओळखलं. म्हणजे ते जे बोलत होते ते अडाणीपणाने नव्हे.

मी : मामा, तोफेवरची नक्षी कशासाठी असते? समोरच्याला धडकी भरावी म्हणून. आता तो पावसातला प्रसंग आठवा. रूनी आपल्या माणसांबरोबर गाडीकडे येतो. चालक आधीच मेलेला. अंधारातून गोळ्या सुटतात आणि एकेक माणूस पडतो. आवाज आहे का त्या गोळ्यांना?

मामा : नाही. नुसतं संगीत. पाऊस पडताना दिसतो, तोसुद्धा ऐकू येत नाही.

मी : आणि मारणारा?

मामा : दिसत नाही बराच वेळ. बंदुकीच्या तोंडाचा जाळ दिसतो तेवढा. म्हातारा पाठ करून उभा राहतो. त्याला वळायचंच नसतं. कोण आहे ते त्याला ठाऊक असतं.

मी : बरोबर. बंदुकीतली मर्दुमकी तिथे काढून घेतलीय. ज्या क्षणी सुलिव्हन म्हाताऱ्यासमोर येतो आणि शेवटच्या गोळ्या झाडतो, तेव्हा आवाज परत येतो. आधीची सगळी माणसं आवाजाशिवाय मेली, आणि ज्याला तो बाप मानत होता त्याचं मरण तेवढं कानावर आदळतं. नक्षी असती तर उलट केलं असतं. आधी धडाधड आवाज, आणि शेवटी हळवी शांतता.

मामा गप्प राहिले. पण ते पटल्यामुळे गप्प राहिलेले नव्हते. ते पुस्तक उघडून एक पान शोधत होते.

मामा : हे बघ. ही चौकट आणि ही चौकट. पहिल्यात हात बंदुकीवर. दुसऱ्यात माणूस पडलेला. मधली ही कोरी पट्टी. खून कुठं झाला? या पट्टीत. कुणी केला? मी केला, वाचणाऱ्यानं. पुढच्या चौकटीवर नजर नेली नसती तर तो माणूस जिवंत राहिला असता. माझ्या बोटाखाली ते पान होतं. म्हणून पुस्तक वाचताना मला थोडी लाज वाटली. सिनेमात मला कुणी विचारत नाही. तो चालतच राहतो.

माझ्या मते आमच्या सगळ्या वादातलं हे सर्वांत मोलाचं वाक्य. कॉमिकवरून सिनेमा करताना लोक चौकटी उचलतात. २००५चा 'सिन सिटी' बघा. तिथे तर फ्रँक मिलरची पानंच्या पानं जशीच्या तशी पडद्यावर आणली, मिलरला सहदिग्दर्शक करून घेतलं. देखणं काम आहे ते. पण कॉमिकचा जीव चौकटीत जेवढा असतो तेवढाच दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत असतो, आणि ती पट्टी पडद्यावर कशी आणायची हा खरा प्रश्न आहे. मेंडिसने पुस्तकातल्या पुष्कळ गोष्टी बदलल्या. जूड लॉने रंगवलेला, मेलेल्यांचे फोटो काढणारा मारेकरी मॅग्वायर पुस्तकात नाहीच. पुस्तकातला धडाधड गोळीबार सिनेमात फार कमी झाला. पण ती कोरी पट्टी त्याने सांभाळली, असं मला वाटतं, आणि तेच मी मामांना सांगू पाहत होते.

मी : सिनेमातही ती पट्टी आहे, मामा. मुलगा पहिला खून बघतो तो कुठून? फटीतून. त्याला सगळं दिसतच नाही. आई आणि धाकटा पीटर मरतात तेव्हा आपल्यासमोर गोळी लागत नाही. आणि शेवटी कॉनर मरतो तो?

मामा : आरशात. न्हाणीघराचा दरवाजा हलतो, त्याच्या आरशात मेलेला माणूस दिसतो. झालेलं दिसतं, होताना दिसत नाही.

मी : मग? मधला खून तुम्हीच केलात की. मी दिवसभर हेच काम करते. दोन तुकडे जोडताना मधलं काय गाळायचं, हे ठरवायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. दाखवणं सोपं असतं. रक्त कितीही मिळतं.

मामा : गाळलं हे मान्य. पण कुणाचं गाळलं ते बघ. तो पहिला मेलेला माणूस, फिन मॅकगव्हर्न. सुरुवातीला त्याच्या भावाचं प्रेत ठेवलेलं असतं आणि हा भर समुदायात बोलतो, रूनीला चार शब्द सुनावतो. भावासाठी बोलला म्हणून गेला. त्याच्या घरी कोण होतं? बायको होती? लेकरं होती? सिनेमा परत त्या घराकडं वळून बघत नाही. सुलिव्हनच्या घरचं मरण दोन तास पुरतं, फिनच्या घरचं दोन मिनिटंही नाही. तुझ्या कोऱ्या पट्टीत ते घर कायमचं गेलं.

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही. टोळीवाल्यांच्या बहुतेक सिनेमांत कॅमेरा मारणाऱ्याच्या घरी मुक्कामाला असतो. त्याची बायको, त्याची मुलं, त्याचा देव आपल्याला माहीत होतो. मेलेल्याच्या घरी कॅमेरा जात नाही.

मामांनी पुढे जे काढलं त्यावरून मात्र आमची जुंपली. खरा रूनी होऊन गेला आहे. जॉन लूनी हे त्याचं नाव, आणि पुस्तकात ते तसंच ठेवलं आहे. सिनेमात लूनीचं रूनी झालं. हा लूनी वकील होता आणि रॉक आयलंडमध्ये वर्तमानपत्र चालवत होता. पैसे दे, नाहीतर तुझी बदनामी छापतो, असा त्याचा धंदा. त्याचा मुलगा कॉनर १९२२ साली रस्त्यावरच्या गोळीबारात मेला, आणि दोन वर्षांनी लूनी पकडला गेला. म्हणजे १९३१ साली यातलं काहीच शिल्लक नव्हतं. कथाकाराने काळ पुढे ओढला, गुंड अल कपोनचं शिकागो जवळ आणलं, मंदीचा काळ आणला.

मामा : शाई विकून खंडणी घेणारा माणूस! हा किती भारी खलनायक आहे. आणि सिनेमात काय, पॉल न्यूमनचे निळे डोळे. लेकरांबरोबर फासे खेळणारा, सुलिव्हनबरोबर पियानो वाजवणारा आजोबा. आपल्याला त्याची माया लागते. मला नाही चालत.

मी : मला चालतं. माया लागली नाही तर सुलिव्हन त्याच्यात का अडकला ते कळणारच नाही. तुमच्या शाळेतली पोरं अशा माणसांमागे भीतीने जात नव्हती ना?

मामा : नाही. भीतीनं कोणी जात नाही. (थोडं थांबून) वर्गात ज्याचं नाव कुणी घेत नाही, त्याला तिकडं कुणीतरी नावानं हाक मारतं. वाढदिवसाला त्याचा फोटो चौकातल्या फलकावर लावतं. मग केक कोयत्यानं कापतात. माझ्या वर्गातली पोरं अशी गेलेली मी बघितलीत. नावं सांगणार नाही. काही परत आली.

इथून पुढे बोलणं आपल्याकडच्या सिनेमांकडे वळलं. २०१८चा 'मुळशी पॅटर्न' मामांनी बार्शीला जाऊन पाहिला होता. त्यात बाप सरळ आहे. जमीन विकून बसलेला, खचलेला, पण सरळ. हातातून जातो तो मुलगा. १९९९च्या हिंदी 'वास्तव'मध्ये तर आईच शेवटी मुलाला गोळी घालते. आपल्याकडच्या या कथांत घर आधी असतं आणि गुन्हा बाहेरून घरात शिरतो. अमेरिकन कथेत गुन्हा बापाच्या खिशातूनच घरात येतो, आणि रोज जेवणाच्या टेबलावर बसतो. मुलांनी विचारायचं नसतं इतकंच. दोन्हीकडे प्रश्न मात्र एकच : पुढच्या पिढीने काय उचलायचं?

मी : म्हणूनच मला शेवट महत्त्वाचा वाटतो. तळ्याकाठचं घर, बाप गोळी लागून पडलेला, मारेकरी समोर, आणि मुलाच्या हातात पिस्तूल. तो चालवत नाही. बाप मरता मरता स्वतः मारेकऱ्याला मारतो, आणि पोराने गोळी झाडली नाही याचं समाधान घेऊन जातो. टोळीच्या सिनेमात सगळी वाट बघणं गोळी सुटण्यासाठी असतं. इथे ती न सुटण्यासाठी आहे.

मामा : हे मला मान्य आहे. आणि पुस्तकात तर पोरगा मोठा होऊन पाद्री होतो, तोच सगळी गोष्ट सांगतोय हे शेवटी कळतं. ते सिनेमानं का काढलं? सुलिव्हन माणसं मारून चर्चमध्ये जातो, पोरगं ते बघतं, आणि त्यातून पाद्री घडतो. केवढा मोठा धागा होता!

मी : पाद्री झाला की हिशेब मिटतो, मामा. बापाचं पाप, लेकाचं प्रायश्चित्त. सिनेमातल्या मुलाला लोक विचारतात की तुझा बाप चांगला होता की वाईट, आणि तो त्याचा निवाडा करत नाही. तो माझा बाप होता, एवढंच त्याला सांगता येतं. मला ते जास्त खरं वाटतं.

मामा : मला पळपुटं वाटतं. आणि आणखी एक. त्या म्हाताऱ्या शेतकरी नवरा-बायकोनं यांना जखमी असताना घरात घेतलं, तर जाताना सुलिव्हन लुटीचा पैसा त्यांच्याकडं ठेवून जातो. सिनेमा ते उपकार फेडल्यासारखं दाखवतो. अगं, आपल्याकडचे भाई हेच करतात. जत्रेला वर्गणी, मंडळाला मंडप, कुणाच्या पोरीच्या लग्नाला मदत. त्याच पैशातून त्यांची इज्जत तयार होते. १९३१ साली तिकडचे शेतकरी कर्जापायी जमिनी गमावत होते. त्या म्हाताऱ्यांना पैसे नकोत म्हणायचं बळ कुठून असणार? तो प्रसंग फार विचार करून लिहायला पाहिजे होता.

मामांचं हे म्हणणं मी तेव्हाच मान्य केलं. त्या प्रसंगात दिग्दर्शक घसरला आहे. इतका जपून गाळणारा माणूस तिथे पैशाची थप्पी मात्र उदारपणाची खूण म्हणून दाखवतो.

वाद इथे संपला असता. पण मामा माळ्यावरून जुन्या 'इंद्रजाल कॉमिक्स'चा गठ्ठा घेऊन आले. कुर्डुवाडी स्टेशनावर घेतलेले अंक, पानं पिवळी पडलेली. त्यांनी 'बहादूर'चा अंक पुढे ठेवला. आबिद सुरती यांनी १९७६ साली हा नायक उभा केला, चित्रं गोविंद ब्राह्मणिया यांची. बहादूरचा बाप डाकू आणि पोलिसांच्या गोळीने मेलेला. ज्या पोलीस अधिकाऱ्याने बापाला मारलं तोच या पोराला वाढवतो. सूड घ्यायला निघालेलं पोर पुढे गावकऱ्यांना घेऊन डाकूंविरुद्ध दल उभं करतं.

मामा : बघ. डाकूचा पोरगा डाकू होत नाही, ही गोष्ट आपल्याकडं पुस्तकातल्या सुलिव्हनच्या वीस-बावीस वर्षं आधी छापलेली आहे. मराठीतसुद्धा येत होती. आणि तुझा तो कॉलिन्स म्हणतो मी जपानी कॉमिकवरून घेतलं.

मी : हो, 'लोन वुल्फ अँड कब'. १९७०चं. कटात गोवलेला तलवारबहाद्दर आणि ढकलगाडीतलं त्याचं लहान पोर. कॉलिन्सने ते ऋण उघड मान्य केलं आहे. जपानमध्ये त्यावर सिनेमेही लगेच निघाले.

मामा : मग आपल्याकडं का नाही? चित्रांवरून गोष्ट सांगणं आपल्याला कुणी शिकवायची गरज आहे का? कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर लोक चित्रकथी करतात. चित्रांची पोथी समोर, एक चित्र उभं धरायचं, वीणा-हुडुक्याच्या साथीवर त्याची गोष्ट सांगायची, मग पुढचं चित्र. मी तिथं जाऊन बघितलंय. युद्धाच्या चित्रात बाण हवेत असतो. तो लागला की नाही, हे चित्र बदलेपर्यंत ऐकणाऱ्याच्या जिवात राहतं. तुझी ती कोरी पट्टी तिथं आवाजानं भरलेली आहे. परशुराम गंगावणेंना २०२१ साली पद्मश्री दिली, हार घातले, झालं. त्या रीतीनं आजची गोष्ट सांगावी असं कुणाच्या मनात येत नाही.

मी : आजची म्हणजे कुठली?

मामा : फिनच्या घरची. परंड्यातून, भूममधून, करमाळ्यातून पोरगा पुण्याला कामाला जातो. आधी कंपनीत, मग कुणाच्या तरी गाडीवर, मग कुणाच्या तरी मागं. एक दिवस गावाकडं फोन येतो. त्या पोराची गोष्ट 'मुळशी पॅटर्न'नं सांगितली. पण त्यानं ज्याला मारलं, त्याच्या घरची गोष्ट कुणी सांगितली नाही. चार भिंती, एक आई, दारात उभी असलेली मोटारसायकल, जी आता कुणी चालवत नाही. ती गोष्ट सिनेमात आधी नको. पैसा लागतो, आणि पैसा आला की हिरो लागतो. आधी चित्रात काढावी. कागद आणि शाई, बास.

मी मामांना म्हटलं, तुम्हीच काढा. त्यांचा हात आता कापतो. चेहरे जमतात, सरळ रेष जमत नाही. त्यांनी काही पानांच्या चौकटी आखल्या आहेत आणि त्यातल्या पहिल्या पानावर एकही माणूस नाही. मी त्या पाहिल्या आहेत आणि मला त्या चांगल्या वाटतात. पण तीनशे पानं एका म्हाताऱ्या माणसाने काढून होणार नाहीत. रेनर धडधाकट होता तरी त्याला वर्षं लागली.

'रोड टू पर्डिशन' बघण्यासारखा आहे, पण पुस्तक आधी वाचा आणि सिनेमा नंतर बघा. उलट क्रमाने पाहिलं तर न्यूमनचे डोळे पुस्तकभर आडवे येतात. आणि धाराशिव, सोलापूर, बीडकडच्या ज्या मुलामुलींचा हात चित्रात चांगला आहे, त्यांना माझी विनंती आहे : टोपीवाल्या, कोयतेवाल्या भाईची चित्रं पुष्कळ झाली. ज्या घरात तो फोन वाजला ते घर काढा. लिहायला मदत लागली तर मी करीन, आणि पानं कशी जोडायची हे मामा सांगतील.